तुरीच्या कोठीतले साहेब

देवीदासच्या घरी गेलात आणि तुरीची कोठी उघडलीत, तर आत तूर सापडायची नाही. तूर पोत्यात, पोतं पलंगाखाली, आणि पलंगाखाली उंदरांचं राज्य. कोठीत मात्र कडुलिंबाच्या पाल्याचे थर घालून विलायतेतल्या फुटबॉल क्लबांच्या जुन्या जर्स्या घडी करून ठेवलेल्या. अस्सल बरं का, नक्कल एकही नाही. बायको बेबीताई म्हणायची की कोठी माहेरहून मी आणली, तीत माझे दाणे राहतील की या गोऱ्यांची लक्तरं? देवीदास ऐकून घ्यायचा आणि पाला बदलायचा.

हा माणूस भाजीवाला. बार्शीटाकळीच्या अलीकडे त्याचं वावर, त्यात वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर. भल्या पहाटे माल अकोल्याच्या बाजारात टाकायचा आणि दुपारी घरी येऊन झोपायचं, असा साधा सरळ जीव. फुटबॉल त्याने कधी पायाने ढकललासुद्धा नाही. मग हे खूळ शिरलं कुठून?

शिरलं ते बुजगावण्यातून. वांग्यावर पाखरं फार बसत होती, म्हणून देवीदासने तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा, फुलीसारखा सांगाडा बांधला आणि वावरातल्या खोपडीतल्या खुंटीवर कधीचा लटकलेला एक संत्र्या रंगाचा सदरा त्यावर चढवला. पुढे औषधाच्या कंपनीचा धर्मेंद्र फवारणीचं काही सांगायला वावरात आला. हा पोरगा फुटबॉलच्या मॅची पाहण्यासाठी जेवण सोडणारा. तो बुजगावण्यासमोर उभा राहिला आणि सदऱ्याची कॉलर उलटून पाहू लागला. मग म्हणाला, काका, हा ब्लॅकपूलचा आहे, नव्वदच्या आसपासचा, अस्सल. लोक यासाठी जीव टाकतात. फक्त पोटावर हे भोक आहे ना, तेवढं नसतं तर सोनं होतं.

देवीदासला ब्लॅकपूल म्हणजे गाव की खत हेही ठाऊक नव्हतं. पण आपल्या वावरात कोणी जीव टाकावा अशी वस्तू आहे, आणि ती आपण कावळ्यांना दाखवतोय, याचं त्याला वाईट वाटलं. त्याने तिथल्या तिथे बुजगावण्याचा सदरा काढला, स्वतःच्या अंगातला बरा शर्ट त्याला घातला, आणि बनियनवर घरी आला. बेबीताईने विचारलं, शर्ट कुठाय? तर म्हणे वांग्यात. त्या दिवशी घरात स्वयंपाक झाला, पण कोणी वाढला नाही.

तेव्हापासून नाद लागला तो लागलाच. जुन्या कपड्यांचे ढीग घेऊन बसणारे आठवडी बाजारात असतात, त्यांच्यापुढे देवीदास उकिडवा बसून राहायचा. अमरावतीला भाचीच्या लग्नाला गेला, तर हळद सोडून जुन्या कपड्यांच्या बाजारात सापडला. कॉलर उलटी करायची, शिवण नखाने खरवडायची, आतली पट्टी उन्हात धरायची, सगळं त्याने धर्मेंद्रकडून शिकून घेतलं. कव्हेंट्रीचा आभाळी निळा मिळाला. नॉर्विचचा हळद आणि सांभार कालवल्यासारखा पिवळा-हिरवा मिळाला. छातीवर कंपनीचं नाव का असतं, हे त्याला कोणी समजावावं लागलं नाही. आपल्याकडे बियाण्याची कंपनी टोप्या वाटते, तिकडे या वाटत असतील. खेळात मात्र त्याला काडीचा रस नव्हता. धर्मेंद्रने एकदा मोबाईलवर अख्खी मॅच दाखवली, तर हा पूर्ण वेळ खेळाडूंचे गळे पाहत बसला आणि शेवटी विचारता झाला, हे लोक या जर्स्या टाकतात कधी?

जर्सी धुवायची नाही, हाही धर्मेंद्रचाच मंत्र. धुतली की छपाई तडकते. न धुतलेले परक्यांचे कपडे तुरीच्या कोठीत! आणि इथेच मैनाबाईचं डोकं फिरलं.

मैनाबाई म्हणजे देवीदासची माय. माहेर मोर्शीचं, संत्र्याच्या बागेतलं, त्यामुळे जीभही तशीच, गोड लागता लागता मध्येच आंबट. तिचा हिशेब सरळ होता. धडधाकट माणूस एवढा चांगला कपडा टाकून देईल? नाही देणार. म्हणजे हे मेलेल्यांचे. आणि पाठीवर नंबर कोणाला टाकतात? दवाखान्यात बेवारस मेलेल्याला. झालं! कोठीत बेवारस साहेब राहतात, असं म्हातारीने ठरवलं आणि गल्लीला सांगूनही टाकलं. म्हैस आटली, साहेब. कढी फुटली, साहेब. नात प्रतीक्षा अमरावतीला कॉलेजात शिकते, तिचा एक पेपर राहिला, तोही साहेबांनीच मागे ठेवला. प्रतीक्षाने याला चांगलाच दुजोरा दिला, कारण तिला ते सोयीचं होतं.

मैनाबाई कोठीच्या जवळून जाताना पदर सावरायची, पण आत एकदाही डोकावली नाही. मेल्या माणसाच्या कपड्याला ती हात लावणार नव्हती.

त्यात अमरावतीच्या चंदन नावाच्या गृहस्थाचा निरोप आला. हाही असाच जर्स्यांचा वेडा, पण शिकलेला, म्हणून जर्स्या काचेत लावतो. धर्मेंद्रने त्याला ब्लॅकपूलचा फोटो पाठवला होता आणि तो अमावस्या झाली की पाहायला येणार होता. घरात जी वस्तू पाहून सगळे नाक मुरडतात, ती बघायला कोणी अमरावतीहून येतंय, याने देवीदासची छाती फुगली. त्याची झोपच उडाली. पावसाने कोठीला ओल धरली असेल तर? बुरशी लागली असेल तर?

पितृपक्षात पाऊस लागून राहिला होता. नेमकं सर्वपित्रीच्या सकाळी कडक ऊन पडलं. देवीदासने सगळ्या जर्स्या टिनाच्या छतावर वाळवायला नेल्या. चिमट्याने लटकवल्या तर खांदे ताणतात, म्हणून त्याने तुराट्यांच्या फुल्या बांधल्या, एकेक जर्सी हात पसरून त्यांवर चढवली, आणि फुल्या विटांमध्ये रोवून छतभर उभ्या केल्या. जन्मभर वावरात हेच केलेला माणूस तो. हात सवयीने चालत होते आणि डोकं चंदनपाशी होतं.

खाली स्वयंपाक झाला. उडदाचे वडे, कढी, खीर, कोहळ्याची भाजी. देवीदासचे वडील नत्थुजी जाऊन काही वर्षं झाली होती, आणि त्यांचं पित्तर या अमावस्येलाच असायचं. पित्तर म्हणून जेवायला शेजारचे जानराव बसायचे. त्यांना टिळा लावला, पाट दिला, पुढे पान वाढलं. पण रीत अशी की छतावर ठेवलेला घास आधी कावळ्याने शिवायचा, मगच पित्तराने हात लावायचा. दरवर्षी याला वेळ लागत नसे. नत्थुजी जिवंतपणीही ताट येण्याआधी वडा उचलायचे.

या वर्षी कावळा येईना. समोरच्या बाभळीवर कावळ्यांची पंगत बसलेली, सगळे माना वाकड्या करून छताकडे पाहताहेत, ओरडताहेत, पण उतरायचं नाव नाही. देवीदासने काव काव करून घसा कोरडा केला. जानराव खिरीकडे पाहत होते आणि खिरीवर साय धरत होती.

आता कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची काही इच्छा राहिली. अशा वेळी एकेकाने पुढे होऊन मोठ्याने शब्द द्यायचा, हे आपल्याकडे लहान पोरही जाणतं. बेबीताईने शब्द दिला की सासऱ्यांच्या नावाने पाणपोई लावीन. कावळे बसून राहिले. प्रतीक्षाने राहिलेला पेपर काढायचा शब्द दिला. कावळ्यांचा त्यावर विश्वास बसला नसावा. शेवटी भुकेने जानरावांचाच धीर सुटला. पाटावरून उठून, कपाळाच्या टिळ्यासकट हात जोडून ते म्हणाले की नत्थुजी, आपल्या दोघांच्या वावरामधला धुरा, तो हद्दीचा बांध, मी थोडा सरकवला होता, उद्या परत सरकवतो. घरातले सगळे जानरावांकडे पाहत राहिले. धुरा सरकलाय हे आजवर कोणालाच माहीत नव्हतं. आणि कावळा एवढं ऐकूनही आला नाही.

मग सगळ्यांच्या नजरा देवीदासवर वळल्या. काय अपेक्षा आहे ते त्याला कळलं. साहेब बाहेर काढ. भांडेवाली येईल तिला दे, चार वाट्या तरी येतील. आता बापाच्या नावाने शब्द दिला की मोडता येत नाही, हेही त्याला ठाऊक. त्याने हात जोडले. बाबा, एवढं म्हणाला, आणि त्याची नजर छतावरच्या संत्र्या जर्सीवर गेली. बिचाऱ्याला खरंच रडू फुटलं. बापासाठी की ब्लॅकपूलसाठी, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

ते पाहून मैनाबाईचा तोल गेला. इतक्या वर्षांचं मनात दाबलेलं बाहेर पडलं.

"रडून राहिला? परक्या मुर्द्याईसाठी रडून राहिला? त्याईच्यासाठी कोठी, त्याईच्यासाठी लिंबाचा पाला. अन् तुया बापाचं काय ठेवलं रे घरात? दहाव्याले सारे कपडे वाटून टाकले तुनं. मी म्हटलं, एक बंडी राहू दे मले. तू म्हणे, मेल्याचे कपडे घरात ठेवत नसते."

देवीदासला ते आठवलं. माय मागत होती, आणि त्याने चार लोकांच्या देखत, शहाण्यासारखं, रीत सांगितली होती. आणि मग त्याला दुसरंही आठवलं. तो शिडी चढला आणि संत्र्या रंगाची जर्सी तुराटीवरून काढून खाली घेऊन आला.

ती त्याने मायच्या हातात दिली. माय हात मागे घेणार, तेवढ्यात त्याने पोटावरचं भोक दाखवलं. काळ्या कडेचं, बोट जाईल एवढं. बाबांच्या बिडीचं, तो म्हणाला. नत्थुजींनी बार्शीटाकळीच्या बाजारात ढिगातून उचललेला तो सदरा, मोर्शीच्या संत्र्यासारखा दिसतो, बायकोला आवडेल म्हणून. पण घरी आणायला लाजले, आणि वावरातच घालत राहिले. घरातले कपडे वाटले तेव्हा हा खोपडीत होता, म्हणून राहिला. देवीदासला हे सगळं माहीत होतं. पण ज्या दिवशी धर्मेंद्र त्याला ब्लॅकपूलचा म्हणाला, त्या दिवसापासून तो बापाचा असल्याचं त्याच्या मनातून पार पुसलं गेलं होतं. त्या भोकावर तो आजवर हळहळत आला होता.

मैनाबाईने सदरा नाकाशी नेला. वास येत होता तो लिंबाच्या पाल्याचा, दुसरा कसला येणार? पण तिला बिडीचा आला. तिने तो लुगड्यावरूनच अंगात घातला, बाह्या ओढून सारख्या केल्या, आणि वर छताकडे पाहिलं. तिथे बाकीचे साहेब हात पसरून उन्हात उभे होते.

"उतरव त्याईले बी," ती म्हणाली. "उनात काहून उभं केलं? त्याईच्याबी बायका शोधून राहिल्या असतील तिकडं."

देवीदासने सगळ्या जर्स्या उतरवल्या. शेवटची फुली निघाली आणि बाभळीवरचे कावळे एकदम घासावर तुटून पडले. वडे, खीर, पान, काही ठेवलं नाही. बेबीताईने पदर डोळ्यांना लावला. जानरावांनी तर कावळा शिवताच वडा मोडला. प्रतीक्षाने एकदा देवीदासच्या हातातल्या तुराट्यांकडे पाहिलं, एकदा बाभळीकडे, आणि तिच्या लक्षात आलं ते तिने पोटातच ठेवलं. जानरावांनी धुरा मात्र खरोखर परत सरकवला.

ठरल्याप्रमाणे चंदन धर्मेंद्रला घेऊन आला. अंगणात मैनाबाई मेथी निवडत बसली होती. अंगात ब्लॅकपूल, आणि तेही धुतलेलं. साबण लावून, दगडावर आपटून. छपाईच्या खपल्या निघाल्या होत्या आणि भोकाला लाल दोऱ्याने रफू होता. धर्मेंद्रने कपाळावर हात मारला. चंदनने वाकून कॉलर पाहिली, मैनाबाईने त्याला मेथीची जुडी दाखवून हाकललं, तेव्हा तो मागे सरला आणि हळूच देवीदासला विचारता झाला की एवढी वाट लावली तुम्ही, पण आता खरं सांगा, ही ओरिजनल होती का?

कोठी मागे उघडीच होती. आत कव्हेंट्री, नॉर्विच आणि बाकीचे साहेब ताज्या पाल्यावर घडी करून ठेवलेले. देवीदास मायकडे पाहत होता.

"हाव," तो म्हणाला. "एकदम ओरिजनल हाय. माया बापाची हाय."