लक्ष्मीबाई नगरातला सुळा

७ नोव्हेंबर २०२४, गुरुवार. रुपये चारशे साठ. वरच्या जबड्यातले दोन दात, काढता-घालता येणारे. तारेच्या कड्या धरून लॅबचे एवढेच होतात. सूर्यकांत निमकरांनी चिठ्ठीवर रक्कम टाकली आणि मग प्लॅस्टरचा साचा हातात घेतला.

दिल्लीत आर. के. पुरमच्या पलीकडे मोहम्मदपूरच्या एका गल्लीत निमकरांची दातांची लॅब आहे. लॅब म्हणजे एक खोली, गॅसचा बर्नर, पॉलिशची मोटार आणि भिंतभर जबडे. पस्तीस वर्षं ते लोकांचे दात करत आले, पण ते दात घालणारं माणूस त्यांनी कधी पाहिलं नाही. दवाखान्यातून साचा येतो. चिठ्ठीवर वय, बाई की पुरुष, कुठला दात, रंग कोणता, एवढंच असतं. नाव नसतं, आणि निमकरांनीही ते कधी विचारलं नव्हतं.

या चिठ्ठीवर होतं : स्त्री, वय छप्पन्न, डावा सुळा आणि त्यामागची लहान दाढ. साच्यात समोरच्या दाताचा कोपरा तिरका उडालेला होता. निमकरांनी साचा खिडकीशी नेला, त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, आणि बर्नर बंद करून खाली बसले.

तसला कोपरा त्यांनी स्वतः उडवला होता. १९८७ साली, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये. दोन इमारतींच्या मध्ये दोरी बांधून बॅडमिंटन चालायचं, आणि एका संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या लताच्या तोंडावर त्यांची रॅकेट बसली. लताने घरी सांगितलं, जिन्यात पडले. हसताना ती तोंडावर हात धरायची, पण तो त्या कोपऱ्यासाठी नव्हे. तिचा डावा सुळा रांग सोडून शेजारच्या दातावर चढून बसला होता. तो एकदा दिसावा म्हणून निमकर विनोद पाठ करून जिन्यात उभे राहत.

वडिलांना मुलगा सरकारी नोकरीत हवा होता. डेंटल मेकॅनिकच्या डिप्लोमाच्या फॉर्मला पंचवीस रुपये पडत होते, ते वडील देईनात. लताने शिकवणीच्या पैशांतून दिले.

"मोडलायस तूच, आता करूनही तूच दे," ती म्हणाली होती.

पुढच्या मे महिन्यात तिच्या वडिलांची नागपूरला बदली झाली.

दिल्लीत छप्पन्न वर्षांच्या बायका लाखो आहेत आणि दातांचे कोपरे हजारोंचे उडतात, हे निमकरांना कळत होतं. पण मोजून पाहिलं तर दोन दातांच्या जागेत दोन दात मावतच नव्हते. म्हणजे सुळा मुळात रांगेत नव्हता. अशा वेळी लॅबवाला नवा दात घासून बारीक करतो आणि सरळ बसवतो. निमकरांनी घासला नाही. मेणामध्ये त्यांनी तो रांगेबाहेर काढला, किंचित वळवला आणि शेजारच्या दातावर चढवला. मनासारखा होईना म्हणून पुन्हा चढवला.

त्यांची बायको वासंती डबा घेऊन आली तर हे अजून तिथेच.

"अहो, कुणा नटीचे आहेत की काय? दोन दातांना दोन दिवस!"

"जागा अवघड आहे."

"ते दिसतंयच. भाजी गार झाली."

सोमवारी मेणातले दात पेशंटला लावून पाहिले, आणि दवाखान्यातून डॉ. क्षिप्राचा फोन आला. तिचा जन्म दिल्लीतलाच.

"काका, सुळा बाहेर का बसवलात? मला वाटलं, येताना हलला, यार."

"जागाच तशी आहे. पेशंट काय म्हणाल्या?"

"आरशात बघतच राहिल्या. मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. म्हणे, अगदी अस्साच होता! तुमच्या माणसाला कळलं कसं?"

निमकरांनी विचारलं, "मग तसाच ठेवू?"

"नाही नाही, सरळ करा. म्हणाल्या, जन्मभर तोंडावर हात धरला, आता पुरे. ब्रिजसाठी शेजारचे चांगले दात घासायचे नाहीत, इम्प्लांटसाठी महिनेच्या महिने थांबायचं नाही. मुलीकडे दिवाळीला आल्यात, शुक्रवारी नागपूरला परत. गुरुवारी द्याल ना?"

"देतो."

त्यांनी मेण तापवलं, सुळा काढून घासला आणि रांगेत बसवला. पाच मिनिटांचं काम.

गुरुवारी दात पोचवायला ते स्वतः निघाले. इस्त्रीचा शर्ट पाहून वासंती म्हणाली, "दात द्यायला चाललात की मागणी घालायला?" निमकर हसले. वरच्या खिशात त्यांनी पंचवीस रुपये वेगळे ठेवले होते.

डबी आत देऊन ते बाहेरच्या बाकावर बसले. दार अर्धवट उघडं होतं.

"रात्री काढून पाण्यात ठेवायचे," क्षिप्रा सांगत होती. "घरी मोठ्याने वाचत जा, जीभ सरावेल. आता साठ ते सत्तर म्हणा, स नीट येतो का बघते. मराठीत म्हणा हं, मला एकसष्टच्या पुढे येत नाही."

"साठ, एकसष्ट, बासष्ट..."

आवाज जाड झाला होता. सदुसष्टला शीळ निघाली आणि आत हसू फुटलं. ते हसू मात्र बदललेलं नव्हतं. निमकर सत्तरपर्यंत ओठ हलवत राहिले.

लता बाहेर आली. केस पांढरे, हातात कापडी पिशवी. निमकरांकडे पाहून ती थांबली. तेही उठले.

"जाइए भाईसाहब, आपका नंबर है," ती म्हणाली आणि हसली.

हात तोंडाकडे गेला नाही. सुळा सरळ होता, रांगेत, शेजारच्या दातांच्या रंगाचा. समोर तो उडालेला कोपरा. निमकरांचा हात खिशापर्यंत गेला. ओळख द्यायची तर त्याच बाहेरच्या सुळ्याची आठवण करून द्यावी लागली असती, आणि ती तर आत्ताच कुठे त्यातून सुटली होती.

"जी," ते म्हणाले.

जिन्यावरून पावलं खाली गेली.

दवाखान्याने चारशे साठ रुपये त्याच संध्याकाळी पाठवले. लताचे पंचवीस रुपये द्यायचे राहिले आहेत.