ताऱ्यासाठी गिरणीत आलेला माणूस

"ताई, तुमची गिरणी पार आभाळात बोंबलतीय!"

हातात अँटेना घेऊन दारात उभा राहिलेला हा माणूस मला आधी वीजवाला वाटला. शेजारच्या तालुक्यातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर ते मेकॅनिक होते; सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. कुणाच्या मोटारीची खरखर दुर्बिणीला ऐकू येते, ते शोधत आमच्या पारनेरकडच्या गावांतून मोटारसायकलवर हिंडायचे. वेल्डिंगवाला असो की मी, सगळ्यांना हेच वाक्य. तुमच्याकडे आले असते तर तुम्हीही हसला असता.

दिवाळी तोंडावर. भाजणीच्या डब्यांची रांग दाराबाहेर. आणि भाऊ म्हणतात, "संध्याकाळपर्यंत बंद ठेवा. आमच्याकडं शिकणाऱ्या एका पोरीला दुर्बिणीवर आजचाच दिवस मिळालाय. मोठा तारा जन्मतोय, त्यो बघायचाय तिला."

"दिवसाढवळ्या तारा?" मी फणकारले. "आन् चकल्या काय त्यो तारा तळून देनार हाय व्हय?"

बायका खो खो हसल्या. भाऊही हसले. मग स्टार्टर उघडला आणि कपाळाला हात लावला. व्होल्टेज कमी झालं की स्टार्टर पडतो, म्हणून मी बटणात लाकडाची पाचर ठोकली होती. आमच्याकडं सगळेच ठोकतात. आत नुसत्या ठिणग्या, खरखर त्यांचीच!

रागावले नाहीत. पाचर काढून पॉलिश पेपरनं जोड घासत बायकांना सांगू लागले, "मोठा तारा एकटा जन्मत न्हाई, घोळक्यात जन्मतो. गार, काळ्या धुळीच्या ढगात. पेटला तरी ढग खातच असतो."

"मग दिसतो कसा?" एका म्हातारीनं विचारलं.

"डोळ्यांना न्हाईच दिसत, आजी. पन भोवतीचा वायू तापतो, त्याच्या रेडिओ लहरी धुळीतून आरपार येतात. पुढं त्याच्याच उजेडानं ढग उडून जातो. आयुष्य मात्र थोडं. लई घाईचा जीव."

स्वतः दहावी शिकलेला माणूस! मी ऐकतच राहिले.

गिरणी सुरू करायला लावून, दुर्बिणीवर खरखर थांबली का ते विचारायला ते बाहेर फोनवर गेले. आम्ही साऱ्या दारातून बघत होतो. एकदम त्यांनी दोन्ही हात वर करून उडीच मारली. आत आले ते डोळे पुसत. पीठ गेलं म्हणाले. बाहेर कुठलं आलंय पीठ?

यंदा त्यांच्या जागी दुसरा माणूस आला. अँटेना फिरवून म्हणाला, "इथं काहीच खरखर नाही."

"भाऊंनी दुरुस्त केलीय," मी तोऱ्यात सांगितलं. "कसे हायेत ते?"

तो खाली बघत म्हणाला, "गेले हो, ताई. पावसाळ्यात."

मी गिरणी संध्याकाळपर्यंत बंद ठेवली. डब्यांची रांग होती, पण एकाही बाईनं का म्हणून विचारलं नाही.