घरात घेऊ नये असा माणूस

आमच्या चर्चच्या पायरीवर कोणीही भेटलं की ते "जय ख्रिस्त" म्हणायचे आणि हात मिळवायच्या ऐवजी मनगट धरायचे. दोन बोटं नाडीवर, नजर आपल्या तोंडावर. मग मनगट सोडून म्हणायचे, "चाललंय. जा आत." कधीकधी सोडायचेच नाहीत. तेव्हा समजायचं, उपासना संपली की हा माणूस आपल्याला डॉक्टरकडे नेल्याशिवाय राहत नाही.

सगळे त्यांना ब्रदर म्हणत. उभा जन्म त्यांनी मिरजेकडच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून काढला, आणि पुरुष नर्सला तिथं ब्रदरच म्हणतात. निवृत्त होऊन ते तासगावला आले. आमची मंडळी लहान, मोजकी घरं. तिच्या कारभाऱ्यांना आम्ही 'वडील' म्हणतो. ब्रदर वडील झाले, पण हाक तीच राहिली.

मी इथल्या शाळेत मराठी शिकवतो. त्यांचं घर आमच्याच गल्लीत. दर बुधवारी संध्याकाळी त्यांच्या पुढच्या खोलीत शास्त्राभ्यास, म्हणजे बायबलचं वाचन, चालायचा. तुम्ही कधी त्या सतरंजीवर बसला असता, तर त्यांची दोन वाक्यं तुम्हालाही पाठ झाली असती. कोणी काही ठासून सांगितलं की ते विचारायचे, "कुठं लिहिलंय?" आणि त्यानं वचन दाखवलं की म्हणायचे, "मागचं वाच."

एकदा बेदाण्याचा व्यापार करणाऱ्या आमच्या मंडळीतल्या एकानं विचारलं, गेल्या सालचा माल नव्यात मिसळला तर ते पाप आहे असं शास्त्रात कुठं लिहिलंय? त्यांचंच वाक्य त्यांच्यावर उलटवल्याच्या आनंदात तो हसत होता. ब्रदर शांतपणे म्हणाले, "बेदाण्याचं कायबी लिहिलेलं न्हाई. खोट्या मापाचं लिहिलंय. तू मागचं वाच, आणि मग उद्या शेडवर ये, आपण दोघं मिळून माल निवडू." दुसऱ्या दिवशी खरंच ते दिवसभर त्याच्याबरोबर शेडमध्ये बसले होते.

बायको लवकर गेली होती. एकच मुलगी, कृपा. लहानपणापासून तिला साखरेचा आजार, रोज इन्सुलिन टोचून घ्यावं लागायचं. पहिल्यांदा सुई बघून पोर पलंगाखाली लपली, तेव्हा ब्रदरनी दुसऱ्या सुईत साधं सलाईनचं पाणी भरून तिच्यादेखत स्वतःच्या पोटात टोचून घेतलं. "बघ, मेलो का?" पुढं किती तरी दिवस बापलेक समोरासमोर बसून टोचून घेत, तिला औषध आणि त्यांना पाणी. हे मला कृपानंच सांगितलं होतं, हसत हसत.

योहानाचं दुसरं पत्र त्यांच्या फार आवडीचं. एका पानाचं पत्र. त्यात म्हटलंय, ख्रिस्ताच्या शिकवणीला चिकटून राहा. जो ती सोडून पुढं जातो त्याला देव नाही. आणि ही शिकवण न घेता कोणी आला तर त्याला घरात घेऊ नका, सलामही करू नका. ब्रदर हे शिकवायला लागले की त्यांचा आवाज वॉर्डातला व्हायचा. म्हणायचे, "शिकवण म्हंजे औषधाचा डोस. आपल्या मनानं कमी न्हाई, जास्त न्हाई."

एका उन्हाळ्यात पुण्याकडून दोन तरुण प्रचारक आले. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या आजींच्या अंगणात त्यांना सभा घ्यायची होती. खरा विश्वास असेल तर शरीराला आजार होतच नाही, आणि औषध घेणं म्हणजे देवावर अविश्वास, असं ते सांगत. ब्रदर जाऊन दारात आडवे उभे राहिले.

"कुठं लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

पोरांनी वचनं म्हटली. ब्रदरनी मागचं, पुढचं वाचून दाखवलं. पोरं तरीही हलेनात. आजी आतून म्हणाल्या, "आवं ब्रदर, उन्हाची आल्यात लेकरं. पाणी तरी घेऊ द्या की." कृपा तिथंच होती. ती तांब्या घेऊन उंबऱ्यापर्यंत आली. ब्रदरनी हात आडवा केला.

"मागं फिर. सलामसुद्धा करू नये असं लिहिलंय."

ती तांब्या घेऊन मागं फिरली. प्रचारक निघून गेले. त्या रविवारी आम्ही सगळ्यांनी ब्रदरचं कौतुक केलं. मंडळी वाचली असं आम्हाला वाटलं होतं, आणि तेव्हा ते खरंही होतं.

पुढं कृपाचं लग्न झालं. जावई सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याजवळच्या एका कारखान्यात कामाला, मुलगा साधा, कमी बोलणारा. लग्नानंतर मूल होईना. कोणी तरी त्यांना तिथल्या एका नव्या प्रार्थनागटात नेलं. त्या गटाचा प्रमुख तेच शिकवत होता जे त्या दोन पोरांनी सांगितलं होतं. फक्त तो गोड बोलायचा, आणि तो कृपाच्या दारात उन्हातून चालत आलेला नव्हता, तीच त्याच्या दारात गेली होती.

एके दिवशी सकाळी ब्रदर माझ्याकडे आले. चपला उलट्या पायात. "सर, कृपाचा फोन हुता. म्हणती, पप्पा, मी मोकळी झाले. इंजेक्शनं सगळी परवाच टाकून दिली."

मी शाळेत फोन करून रजा सांगितली. साताऱ्याच्या एसटीत ते खिडकीशी बसले होते. सगळ्या वाटेत एवढंच बोलले, "दोन-तीन दिवस. त्याच्या पुढं न्हाई टिकत."

आम्ही पोचलो तेव्हा दुपार होती. चाळीसारखं घर, दाराला आतून कडी. ब्रदरनी हाक मारली. जावई खिडकीशी आला. रडवेला झाला होता, पण दार उघडेना.

"मामा, तुम्हाला घरात घेता येणार नाही."

"मी इंजेक्शन आणलंय. तेवढं टोचतो आणि जातो."

"म्हणूनच घेता येणार नाही. ही शिकवण न आणणाऱ्याला घरात घेऊ नये, असं लिहिलंय. तुम्हाला माहीत आहे."

ब्रदर माझ्याकडे वळून बघायला लागले. मग ते खिडकीच्या गजांना धरून वाकले. आत चटईवर कृपा आडवी होती, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. ब्रदरनी नाकानं वास घेतला. "श्वासाला साखर चढल्याचा वास सुटलाय," ते मला हळूच म्हणाले. "सर, गाडी बघा. दवाखान्याची मिळंना तर कुणाचीबी."

मी पळालो, पण वळणापर्यंत मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"कृपे, बाळा, दार उघडायला सांग त्याला."

"पप्पा, तुम्हीच शिकवलंय ना. शिकवणीला चिकटून राहायचं."

"ही ती शिकवण न्हवं गं."

"तुम्ही मला तांब्या घेऊन मागं फिरवलं होतं."

मी एक जीप घेऊन परतलो, तोवर घरमालक आणि शेजाऱ्यांनी दाराची कडी तोडली होती. कृपा बोलायची थांबली होती. ब्रदरनी तिला स्वतः उचलून जीपमध्ये घातलं. साताऱ्याच्या दवाखान्यात तिथल्या लोकांनी करायचं ते सगळं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. ब्रदर तिच्या उशाशी होते, आणि मनगट त्यांच्या हातात होतं, त्यामुळे डॉक्टरांच्या आधी त्यांना कळलं.

तासगावला दफन झालं. जावई आला नाही. त्या गटानं सगळ्यांना निरोप पाठवला होता की कृपाबहिणीचा विश्वास शेवटी डळमळला, म्हणून असं झालं.

बुधवारचा अभ्यास बंद पडला. ब्रदर पहाटेच द्राक्षबागांच्या बाजूला फिरायला जायचे, मीही जायला लागलो. एकदा एका बागेत ते थांबले आणि मांडवाच्या तारेला सुतळीनं बांधलेली एक काडी त्यांनी बोटानं हलवली. वेलापासून मोडलेली असावी, तारेवरच वाळली होती.

"सर, तुमी मराठीचे. चिकटून राहणं म्हंजे काय?"

मी त्या काडीकडे बघितलं.

"ही काडी बी चिकटूनच हाय की. तारेला. सुटंना. पण वेलाला न्हाई." थोडं चालल्यावर ते म्हणाले, "जन्मभर लोकांना सांगितलं मागचं वाच म्हणून. त्या पत्रातलं मीच न्हाई वाचलं मागचं. घरात घेऊ नका, त्याच्या मागं काय हाय? ख्रिस्त देहानं आला हे जे मानत न्हाईत ते फसवे, असं हाय. देहानं आला, सर. म्हंजे नाडी हुती त्याला. ताप येत असंल. जो म्हणतो देहाला औषध लागत न्हाई, त्यो तेच नाकारतोय. हे मी तिला एका वाक्यात सांगू शकलो असतो. आणि त्याच्याबी मागं प्रीतीची आज्ञा हाय. प्रीतीत चाला, मग शिकवणीत राहा. मी आपलं दार लावायचं तेवढं शिकवलं."

दोन वर्षांनी, बेदाण्याच्या हंगामात, जावई त्यांच्या दारात आला. ओळखू येत नव्हता. खोकत होता, खांद्याची हाडं शर्टातून वर आलेली. आजार म्हणजे अविश्वास, म्हणून गटानं त्याला बाहेर काढलं होतं. नोकरी गेली होती. उंबऱ्याबाहेर उभा राहून तो नुसता "मामा" म्हणाला.

ब्रदरनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाले, "आत ये. तोंडाला रुमाल बांध."

क्षयरोग निघाला. सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. आमच्या मंडळीच्या वडिलांची बैठक बसली, आणि त्यातले सगळ्यात म्हातारे गृहस्थ तडकून बोलले, "ब्रदर, ज्यानं पोरगी मारली त्याला घरात? तुमीच शिकवलंत आमाला, असल्याला सलामबी करू नये म्हणून."

"शिकवण घेऊन येतोय त्याला घेऊ नका, असं हाय," ब्रदर म्हणाले. "ह्यो काय घेऊन आलाय? खोकला घेऊन आलाय."

ते कोणालाच पटलं नाही. लोक त्यांच्या घरी जायचे कमी झाले. मी रोज जायचो. ब्रदर सकाळी गोळ्या तळहातावर घेऊन त्याच्यासमोर बसायचे. सुरुवातीला तो तोंड उघडायचा नाही. "गीळ," ब्रदर म्हणायचे. "मग पायजे तर मला शिव्या दे." तो गिळायचा. त्याचं अंग ते पुसायचे, थुंकीचा डबा धुवायचे. पण त्याच्याशी गप्पा मारताना मी त्यांना कधी पाहिलं नाही, आणि कृपाचं नाव त्या घरात दोघांपैकी कोणीच घेत नव्हतं.

एकदा अंगणात मी विचारलं, "माफ केलंत का त्याला?"

"न्हाई."

"मग?"

"गोळी द्यायला माफी लागत न्हाई, सर."

औषधाचा कोर्स संपला. माणूस सुधारला. एके सकाळी, ब्रदर बाजारात गेलेले असताना, तो कपडे घेऊन निघून गेला.

मग काही आठवड्यांनी आमच्या मंडळीतल्या एकानं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. जावई त्या गटाच्या मंचावर उभा होता. हातात माइक. सांगत होता, मी मरणाच्या दारात होतो, एकाही गोळीला शिवलो नाही, केवळ प्रार्थनेनं उभा राहिलो. खाली माणसं हात वर करून रडत होती. दाखवणारा संतापला होता. ब्रदरनी मोबाईल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, आणि ते सगळं शेवटपर्यंत पाहिलं.

"वजन भरलंय," ते म्हणाले.

मोबाईल परत देऊन ते खुर्चीत बसले. नंतर मला म्हणाले, "त्या गर्दीत कुणीतरी साखरेचं पोर असंल, सर. त्यानं ऐकलं असंल हे." त्यानंतर ते त्या गटाच्या विरोधात ठिकठिकाणी बोलत फिरले. म्हातारपणी एसटीनं साताऱ्याला, खंडाळ्याला, थेट महाबळेश्वरच्या मंडळीपर्यंत. काही ठिकाणी ऐकलं. काही ठिकाणी त्यांना म्हणाले, जावयावरच्या रागानं बोलतोय. एका गावात त्यांना चर्चमध्ये घेतलंच नाही, आणि ते बाहेरच्या पारावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलले. तो गट अजून चालतो. वाढलाय, असं म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात ब्रदर गेले. हृदय थकलं होतं. शेवटचे काही दिवस आम्ही मोजके लोक आळीपाळीनं त्यांच्याजवळ होतो.

दफनाला त्यांची कबर कृपाच्या शेजारी खणली होती. पाळकांची प्रार्थना चालू असताना मला फाटकाबाहेर कोणी तरी दिसलं. जावई होता. रस्त्यावर स्कूटर लावून, चपला काढून उन्हात उभा. आमच्यातल्या काहींनी त्याला पाहिलं आणि माना फिरवल्या. मी गेलो आणि फाटक उघडून धरलं.

तो आत आला नाही. मला ओळखलं त्यानं. मग विचारलं, "सर, शेवटी मामा औषधं घेत होते?"

"घेत होते," मी म्हणालो. "वेळच्या वेळी."

"स्वतःच्या हातानं?"

"स्वतःच्या हातानं."

त्यानं मान हलवली. "माझ्या गोळ्या मामाच तळहातावर घेऊन बसायचे," तो म्हणाला. मग फाटकाचा गज धरून तो तिथंच धुळीत खाली बसला. आत माती पडायला लागली होती.