कालिंदीचे खोलशे आणि कालिंदीची मुलं

माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये कालिंदी देवधर राहते. तिच्या घरी अंडंसुद्धा येत नाही. तरी बालीगंजला राहायला आल्यावर महिन्याभरातच ती गरियाहाटच्या मासळीबाजारात ओळखीची झाली, ती न घेता नुसतं बघणारी बाई म्हणून. विक्रेता तिला बंगालीत वहिनी म्हणून विचारायचा, "बौदी, किती देऊ?" आणि ही अॅल्युमिनियमच्या पातेल्यात वाकून म्हणायची, "काही नको, बघतेय फक्त."

मी तिच्याआधी पुष्कळ वर्षं कलकत्त्यात, त्यामुळे मला जरा लाजच वाटायची. एकदा म्हटलंच, "अगं, लोक हसतात."

"हसू देत. शोभाताई, ते खोलशे बघितलेत का? बोटभर मासा, पण अंगावर निळ्या-नारिंगी तिरप्या पट्ट्या कशा आहेत! यांचा नर तोंडाने बुडबुडे सोडून पाण्यावर फेसाचं घरटं बांधतो. आणि इथे ते कालवणात घालतात!"

कालिंदीने सोलापुरात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं. पीएच.डी.ला नाव घातलं आणि लग्न झालं. यजमान उन्मेष सरकारी बँकेत. कलकत्त्याला येईपर्यंत दर तीन-चार वर्षांनी बदली, प्रत्येक गावात नवी शाळा, नवा गॅस, नवा दूधवाला. नाव घातलेलं राहिलं ते राहिलंच. अनीश आणि नूपुर ही दोन मुलं मोठी करण्यात वर्षं गेली, आणि त्याबद्दल ती कधी कुरकुरत नसे.

त्या पातेल्यापाशीच तिला सुदेष्णा लाहिरी भेटल्या. त्यांचं सॉल्ट लेकला माशांवर संशोधन चालायचं. स्वयंपाकाला नव्हे, प्रयोगशाळेला जिवंत खोलशे हवेत म्हणून त्या आल्या होत्या. कालिंदीने न राहवून म्हटलं, "त्यातल्या फिकट माद्या आहेत, त्या घ्यायच्या नाहीत का? तुम्ही सगळे नरच निवडताय." सुदेष्णादी मान वर करून हसल्या. बाजारातल्या चिखलात उभ्या राहून दोघी तासभर बोलल्या. पुढच्या सोमवारी कालिंदी सॉल्ट लेकच्या बसमध्ये होती. चाळिशी उलटल्यावर तिला पहिली नोकरी लागली, प्रकल्प सहायक म्हणून.

तिचं काम काय, हे तिने मला एकदा चहा पिता पिता समजावलं होतं. आपल्या शरीरात काही जनुकं असतात, ती रोगाशी लढणाऱ्या पेशींना आपलं कोण आणि परकं कोण ते ओळखायला मदत करतात. ही जनुकं माणसामाणसात वेगळी, माशामाशातही वेगळी. अर्धी आईकडून येतात, अर्धी बापाकडून. परदेशात स्टिकलबॅक नावाच्या काटेरी माशांवर लोकांनी असं पाहिलं होतं की मादी नराच्या नुसत्या वासावरून त्याच्या या जनुकांचा अंदाज घेते आणि आपल्याशी नीट जमणारा नर निवडते. अगदी आपल्यासारखा तिला नको असतो. कारण आईबापांची जनुकं वेगवेगळी असली तर पिल्लांना जास्त तऱ्हेच्या रोगांशी झुंजता येतं.

"आणि फार वेगळा असेल तर?" मी विचारलं.

"तोही नको. बेताचा वेगळा. फार जास्त झालं तर शरीर स्वतःवरच उलटू शकतं, असं म्हणतात. आम्ही बघतोय की आपले खोलशे असं काही करतात का."

प्रयोग साधा होता. एका लांबट टाकीत दोन बाजूंनी पाणी सोडायचं, दोन वेगवेगळ्या नरांच्या टाक्यांमधलं. नर दिसत नाहीत, फक्त त्यांचा वास असलेलं पाणी येतं. मधे मादी सोडायची आणि ती कुठल्या बाजूला रेंगाळते ते बघत बसायचं. बघत बसणं हेच कालिंदीचं काम. हिवाळ्यात पाणी गार झालं की माद्या हलायच्याच नाहीत. उन्हाळ्यात वीज गेली की ही पुठ्ठ्याने वारा घालायची, स्वतःला नव्हे, टाकीला! मग शेपटीच्या पराचा कणभर तुकडा घेऊन जनुकं तपासायची. चार वर्षांनी जो निष्कर्ष निघाला तो छोटासाच होता. बऱ्याचशा माद्यांचा कल वेगळ्या नराकडे, पण सगळ्यांचा नाही, आणि मासे अजून कमीच पाहिलेत. तो निबंध छापून आला तेव्हा त्यावर तिचंही नाव होतं. उन्मेषनी बँकेत पेढे वाटले.

आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवाला कुणीतरी म्हणालं, "म्हणजे आपली गोत्रं हेच तर सांगतात!" कालिंदी शांतपणे म्हणाली, "नाही हो. गोत्राचा आणि याचा काही संबंध नाही. एका गोत्राचे दोघे जनुकांनी अगदी वेगळे असू शकतात. मासे पत्रिका बघत नाहीत."

सगळं असं छान चाललं असताना अनीशच्या दंडावर निळे डाग दिसायला लागले.

तो तेव्हा सेक्टर फाइव्हमधल्या एका आयटी कंपनीत नुकताच नोकरीला लागला होता. थकवा यायचा, तो कामाचा म्हणून सोडून दिला. मग एका सकाळी दात घासताना हिरड्यांतून रक्त येत राहिलं ते थांबेचना. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, हाडांच्या आतल्या मगजाने रक्त तयार करणंच जवळजवळ बंद केलंय. कॅन्सर नाही, पण गंभीर आहे. दुसऱ्याचा मगज द्यावा लागेल, आणि देणाऱ्याची ती जनुकं याच्याशी जुळायला हवीत.

ती जनुकं म्हणजे कोणती, हे कालिंदीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. डॉक्टर बोलत असताना तिने उन्मेषचा हात धरला आणि मान हलवली.

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे येऊन बसली. "शोभाताई, आम्ही दोघं अर्धे जुळणार. तसं करतातही हल्ली, पण पूर्ण जुळलं तर जास्त बरं. माझ्याकडे दोन संच, उन्मेषकडे दोन. प्रत्येक मूल दोघांकडून एकेक उचलतं. अनीशने उचलले नेमके तेच दोन नूपुरने उचलले असतील अशी शक्यता चारात एक." मग म्हणाली, "इतकी वर्षं मी वेगळेपणाचं कौतुक करत बसले. आता सारखेपणा मागतेय."

सुदेष्णादींनाही तिने हेच सांगितलं. त्यांनी तिला लगेच घरी जायला सांगितलं आणि म्हणाल्या, "वेगळेपणा वाईट नाही, कालिंदी. आजची गरज तेवढी दुसरी आहे. इथली काळजी करू नका, टाक्या मी बघते." आणि खरंच, निवृत्तीला आलेली ती बाई पुढचे कितीतरी महिने रोज सकाळी स्वतः पाणी बदलत होती. कालिंदीच्या जागी त्यांनी कुणाला घेतलं नाही.

नूपुर तेव्हा कॉलेजात. ही दोन भावंडं म्हणजे उत्तर आणि दक्षिण ध्रुव. तो अबोल, ही बडबडी. त्याला क्रिकेट, हिला फुटबॉल. त्याचं मराठी चोख आणि हिचं अर्धं बंगाली, छान वाटलं तरी ती "भीषण छान" म्हणायची, कारण बंगालीत भीषण म्हणजे खूप. टीव्हीच्या रिमोटवरून त्यांची भांडणं माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायची. तपासणीला रक्त देऊन आली तेव्हा ती रडत होती. सुईने नव्हे.

"काकू, माझं आणि दादाचं आजपर्यंत कधी काही जुळलंय का? हेही नाहीच जुळणार."

मी तिला जवळ घेतलं.

अहवाल आला त्या दुपारी समोरचं दार धाडकन उघडलं आणि कालिंदी चपलांशिवाय माझ्या दारात उभी राहिली. मागून उन्मेष म्हणाले, "जुळलं. सगळंच्या सगळं जुळलं."

समोरच्या घरात अनीश खाटेवर पडून होता. त्याने बहिणीकडे बघितलं. "तुझंच जुळायचं होतं का?"

"हो, आणि आता आयुष्यभर ऐकवणार आहे मी तुला," नूपुर म्हणाली, आणि दोघंही रडायला लागली.

नूपुरला भूल देऊन कमरेच्या हाडातून मगज काढला. चार-सहा दिवस ती कमरेला हात लावून म्हातारीसारखी चालत होती. अनीशचं अवघड होतं. एकट्याची खोली, भेटायला मनाई, तोंडात फोड, ताप. एक आठवडा तर असा गेला की आम्ही कुणी एकमेकांना फोन केला नाही, काय ऐकायला मिळेल या भीतीने. मग हळूहळू रक्तातल्या पेशी वाढायला लागल्या. नूपुरचा मगज भावाच्या हाडांत रुजला. पुढे काही महिन्यांनी तपासलं तर त्याचा रक्तगटसुद्धा बदलून नूपुरचा झाला होता.

त्या इस्पितळात कालिंदीची रोशनआरा नावाच्या एका बाईशी ओळख झाली होती. मुर्शिदाबादहून आलेल्या. त्यांच्या मुलीला हाच आजार, भाऊ तीन, आणि तिघांपैकी एकाचंही जुळलं नाही. अनीश घरी यायला निघाला तेव्हा रोशनआरांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बरा रहा, बाबा." त्यांच्या मुलीसाठी दात्यांच्या यादीतून कुणीतरी अनोळखी मिळेल का, याची त्या वाट बघत होत्या.

"चारात एक, आणि तो एक मला मिळाला," कालिंदी मला म्हणाली. "मी काही वेगळं पुण्य केलं नव्हतं. त्यांनी काही पाप केलं नव्हतं."

आता ती पुन्हा नोकरीवर जाते. सुदेष्णादी निवृत्त झाल्या. त्यांचे आभार मानायला ती पुरणपोळ्या घेऊन गेली, आणि दोन तास माशांबद्दलच बोलत बसून आली. रविवारी मात्र ती आणि नूपुर कॉलेजांमधून फिरतात, दात्यांच्या नोंदणीसाठी. सुरुवातीला गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, एवढंच. मागच्या वेळी मीही गेले होते. मुलं थोडीच आली. बरीचशी चौकशी करून सटकली.

सियालदहहून गाडी पकडायची म्हणून घाईत असलेली एक मुलगी दारातच थबकली. तिने नूपुरला बंगालीत विचारलं, "खरंच कुणाशी जुळलं आणि द्यायची वेळ आली, तर दुखतं?"

"दुखतं," नूपुर म्हणाली. "थोडे दिवस."

मुलीने घड्याळाकडे बघितलं, खांद्यावरची बॅग खाली ठेवली, आणि खुर्ची पुढे ओढून तोंड उघडलं.