अवघड शिफ्टचे गुण

डोळा लागतोय की नाही, कळत नाही. रत्नागिरीतल्या कॉलेजच्या आवारात, जांभळाखाली, मी सतरंजीवर बसलेय. पाठ बुंध्याला टेकलेली. आत केतकीची परीक्षा सुरू झालीय, नौदलाच्या तांत्रिक भरतीची. शेजारी कुणाचे तरी वडील फोनवर सांगतायत, "हो हो, तासाभराचा पेपर," आणि त्यांचा आवाज खोल खोल जातो, विहिरीत सोडलेल्या घागरीसारखा. मी मिटल्या डोळ्यांनी नाम घेते. पण खरं सांगू? नामाच्या मागे मनात भलतंच चाललंय. आत्ता ते तिच्याजवळ बसले असतील.

ते म्हणजे केतकीचे बाबा. सगळी नोकरी जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढली, आणि निवृत्त होऊन घरी आले ते वर्षभरातच गेले. सहा वर्षं झाली त्याला. फोटोला रोज फूल मी घालते. तिथीला राममंदिरात केळशीकरबुवांचं कीर्तन मी ठेवते. आणि हे स्वप्नात जातात लेकीच्या! ती अभ्यासाला लागल्यापासून हेच चाललंय. सकाळी चहा पिता पिता सहज सांगते, "आई, आज बाबा आले होते. पंपाच्या दाबाचं गणित समजावून गेले." मी म्हणते, "हो का," आणि तिच्या चहात दुसऱ्यांदा साखर घालते. माझ्याकडे एकदाही नाहीत. चुकूनसुद्धा नाहीत.

"अगो, सरक जरा."

मी सरकते. ते सतरंजीवर टेकतात. अंगात कामाचा निळा पोशाख, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, डिझेलचा वास. वारा नाही तरी जांभळाचं पान न् पान थरथरतंय, कारण खालून घरघर येतेय. जमीन चालतेय. आवाराच्या भिंतीला गोल खिडक्या आहेत आणि खिडक्यांबाहेर पाणी.

"तुम्ही इथे कसे?" मी विचारते. "तिचा पेपर चाललाय ना?"

"चाललाय."

"मग आत जा. तुमची नेहमीची जागा तिकडे आहे."

ते हसतात. "कुंदा, तशीच आहेस गो अजून. नाकाच्या शेंड्यावर राग."

"राग कसला? आपलं विचारलं. लेकीकडे रोज जाता, वाटेत बायकोची खोली लागत नाही?"

"तिला कोरं सोडायला शिकवत होतो," ते म्हणतात. "हट्टी कार्टी. येत नसलं तरी ठोकून द्यायची काहीतरी."

झांजा वाजतात. आम्ही राममंदिराच्या सभामंडपात बसलोय. समयांच्या उजेडात रांगेनं कॉम्प्युटर, प्रत्येकापुढे एकेक मूल, केतकी तिसऱ्या खांबाशी. मधोमध फेटा बांधून केळशीकरबुवा उभे, हातात चिपळ्या. बुवांची रीत अशी, की पूर्वरंगात आधी तत्त्व समजावायचं आणि उत्तररंगात त्याची गोष्ट लावायची. आजचं तत्त्व गुणांचं आहे.

"बरोबर उत्तराला एक गुण!" बुवा गातात. "चुकलात, की पाव गुण कापला! चार चुका मिळून एक बरोबर गिळतात हो! आणि कोरं सोडलंत तर? कोऱ्याला कुणी कापत नाही बाळांनो, कोऱ्याला कुणी कापत नाही!"

सगळा मंडप टाळी धरतो. मीही धरते. बुवा गायला लागले की माझे हात माझे राहत नाहीत. पण डोळे मात्र ह्यांच्यावर. केतकी एक प्रश्न वाचते, कपाळाला आठी घालते, उत्तर द्यायला बोट उचलते, आणि न देताच पुढच्या प्रश्नाकडे जाते. ह्यांचा चेहरा असा काही उजळतो! असा चेहरा मी आमच्या लग्नात पाहिला होता. तेव्हा वाटलं होतं, हा माझ्या एकटीसाठी आहे.

"बघा, डोळे भरून बघा," मी म्हणते. "मी आहेच हार ओवायला."

"कुंदा..."

"मला एक सांगा. पेपर वेगवेगळ्या शिफ्टमध्ये होतात. कुणाला सोपा येतो, कुणाला अवघड. मग अवघड शिफ्टवाल्यांचे गुण वर उचलतात आणि सोप्यावाल्यांचे खाली आणतात. खरं ना?"

"अगदी खरं. तुला कुणी शिकवलं?"

"मला कोण शिकवणार? भाकऱ्या थापता थापता तिचं घोकणं ऐकते. तर तिची शिफ्ट सोपी. तुम्ही रोज हजर! आणि माझी? सहा वर्षं शेजारची उशी नुसती उन्हात घालायची आणि परत आणून ठेवायची. माझे गुण कोण वर उचलणार?"

चिपळ्या थांबतात. आम्ही धक्क्यावर बसलोय, पाय पाण्यात सोडून. मंडप मागे बोटीसारखा डुलतोय, आतल्या समयांसकट.

"तिनंच पाठवलं मला," ते हळूच म्हणतात.

"काय?"

"पेपर सुरू व्हायच्या आधी म्हणाली, बाबा, आज माझं मला जमेल. तुम्ही बाहेर आईपाशी बसा."

गुणाची पोर माझी. आणि लगेच, तुम्हाला हसू येईल, पुन्हा तीच कळ. "म्हणजे तिनं सांगितलं म्हणून आलात! नसतं सांगितलं तर?"

ते इतके हसतात की धक्क्यावरचे बगळे उडतात. "मरूनसुद्धा तुझ्या तावडीतून सुटका नाही गो!" मग पाण्याकडे बघत राहतात. "तिच्याकडे जायला काम असायचं. पंप, दाब, पिस्टन. शिकवून झालं की उठायचं. तुझ्याकडे आलो असतो, तर माझ्याच्यानं उठवलं नसतं."

पाणी घोट्यांवर चढतं, उतरतं.

"तुझी शिफ्ट अवघड होती," ते म्हणतात. "ठाऊक आहे मला."

"मग आज कसे उठाल?"

"आज पेपर संपल्याची घंटा आहे ना. म्हणून तर बसलो."

रिकाम्या हातांनी बसणं त्यांना कधी जमलंच नाही. बोलता बोलता माझ्या पदराचं टोक घेतात, पीळ देतात, एक वळसा, दुसरा वळसा.

"जहाजावरच्या सगळ्या गाठी केतकीला शिकवल्यात," मी म्हणते. "मला एकही नाही."

"ही तिला येत नाही."

"खरं?"

"खरं."

"माझी शपथ घ्या."

"मेलेल्या माणसाला कसली शपथ घालतेस!" ते म्हणतात आणि गाठ आवळतात.

घंटा होते. मला वाटतं बुवांनी आरती लावली, मी हात जोडते, तर समोर जांभळाचं खोड. पोरं लोंढ्यानं बाहेर येतायत. शेजारचे वडील चपला शोधतायत.

"आई! झोपलीस काय?" केतकी धापा टाकत येते. तोंड लाल झालंय. "कितीतरी कोरे सोडले गो. बोट शिवशिवत होतं, तरी सोडले. पण जे केलं ते पक्कं आहे."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवते. बाबा आत होते का, हे ओठांपर्यंत येतं. मी विचारत नाही.

"आणि हे काय पदराला?" ती वाकते, गाठ बोटांत धरून उलटसुलट करून बघते. कपाळाला आठी येते. "ही कुठली? बाबांनी मला अशी कधीच दाखवली नाही." आणि नखानं सोडवायला लागते.

मी पदर ओढून घेते.

"हात नको लावूस," मी म्हणते. "माझी आहे."