तारेच्या शेगडीवरची भाकरी

अशी जवळ ये बघू. आल्यापासून उभीच आहेस, सारखी आपली घड्याळाकडे बघतेस. रावेतहून इथवर आलीस ती काय नुसतं पाणी प्यायला? बस खाली. आणि मघाशी काय म्हणालीस, "आजी, इंडक्शनवर भाकरी फुगतच नाही, मला काही जमत नाही"? एवढ्यावरून तोंड पाडतात होय? न फुगलेल्या भाकरीपायी माझा मांडलेला संसार उठायची वेळ आली होती, ते ऐक.

गोष्ट पन्नास सालानंतरची, नेमकं साल आता आठवत नाही. पिंपरीला तेव्हा सगळं माळरान. तुझ्या आजोबांना कारखान्यात काम लागलं, राहायला कंपनीची खोली मिळाली. भिंतींना नवा चुना, म्हणून खोलीत चूल पेटवायची नाही असा नियम. रॉकेलच्या स्टोव्हनं गावातली एक बाई भाजली होती, त्यामुळे तो आजोबांनी घरात येऊ दिला नाही. गॅसचं तर नावही आमच्या कानावर आलं नव्हतं. मग आली विजेची शेगडी. मातीची पांढरी थाळी, तिच्यात नागमोडी खाचा, आणि खाचांत स्प्रिंगसारखी गुंडाळलेली उघडी तार. बटण दाबलं की तार आधी नुसतीच बसून राहायची, मग लालसर व्हायची, मग निखाऱ्यासारखी.

तुझं इंडक्शन बंद केलं की तिथंच थांबतं. गॅस कान पिळला की ऐकतो. चुलीतलं लाकूड मागं ओढलं की जाळ उतरतो. ही बया मात्र तापायला उशीर लावायची, आणि एकदा तापली की बटण बंद केलं तरी तापलेलीच. मी बटण बंद करून शेजारी उभी, आणि दूध आपलं निवांत उतू जातंय. शिवाय आवाज म्हणून नाही. चूल बोलते गं. जाळ फुरफुरतो, लाकूड तडतडतं, पाठ फिरवली तरी कळतं मागं काय चाललंय. हिच्याकडं पाठ करायची मला धास्ती. दिवसभर माझं शेगडी ते दार, दार ते शेगडी. झाडलेलं पुन्हा झाडायचं, घासलेलं भांडं पुन्हा घासायचं. जीव म्हणून थाऱ्यावर नसायचा.

त्यात भाकरी. चुलीवर कशी, पाणी फिरवून तव्यावर उलटली, की मग तिला निखाऱ्यापुढं उभी करायची, तिथं ती फुगते. गॅसवर आपण सरळ जाळावर टाकतो. पण तारेवर कशी टाकणार? चिमटा तारेला लागला तर फेकली जाशील, असं आजोबांनी बजावून ठेवलेलं. मग दोन्ही बाजू तव्यावरच, फडक्यानं दाबत दाबत. बाजरीची भाकरी भाजून व्हायची, पण चपटी, आणि डब्यात दुपारपर्यंत चामड्यासारखी.

आजोबा त्याबद्दल कधी अवाक्षर बोलले नाहीत. पण एकदा सुट्टीला गावी गेले, चाकणच्या पुढं, आणि आईच्या हातच्या भाकरींवर असे काही तुटून पडले की आत्याबाईंच्या मनात पाल चुकचुकली. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. पुढच्याच आठवड्यात एसटीनं आल्या, हातपाय धुतले, आणि थेट शेगडीपुढं बसल्या.

"ही चूल?"

"होय आत्याबाई."

"हिच्यात इस्तू कुठाय?"

"ती तार लाल होते ना, तोच इस्तू."

"मग शेजारीण इस्तू मागाया आली तर काय देशील? तार?"

शेजारच्या खोल्यांतही असल्याच शेगड्या होत्या. ताट वाढलं. त्यांनी भाकरी मोडायला घेतली, तर ती मोडेना, वाकली.

"माझं लेकरू ह्ये खातंय व्हय," असं म्हणून त्यांनी भाकरी परत ताटात ठेवली. मग निकालच दिला. "परवाच्या गाडीनं माझ्यासंगं चल. त्यो ऱ्हाईल हितं, खानावळीत जेवंल. सुट्टीला येईल की घरी. समद्यांच्या बायका गावाकडंच हायेत."

ते खरंच होतं. मी आजोबांकडं पाहिलं. ते तांब्यात बघत होते. आईपुढं बोलायची तेव्हा पद्धत नव्हती, आणि यांच्यात हिंमतही नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते पहिल्या शिफ्टला गेले आणि मी पिठाला बसले. एक भाकरी फुगली तर आत्याबाई मला इथं राहू देतील, असं माझ्या मनानं घेतलं होतं. पाणी कोमट घेऊन बघितलं, कढत घेऊन बघितलं. तवा खूप तापवला, जरा कमी तापवला. मध्येच उठून दारात जाऊन आले. पीठ तारेवर सांडून करपट वास सुटला. एकही फुगली नाही. हळूहळू डोळ्यांना पाणी लागलं. सवयीनं मी पदर डोळ्यांना लावला आणि तोंड फिरवलं.

"काय झालं गं?" मागून आवाज आला.

"काही नाही, धूर गेला डोळ्यात."

आत्याबाईंनी शेगडीकडं बघितलं, छताकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"कंचा धूर?"

गावी चुलीपुढं बायका पोटभर रडायच्या आणि कुणी विचारायचं नाही, धूर असायचाच. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी तेच केलं होतं. माहेरची आठवण आली की एखादं ओलं लाकूड आत सारायचं. आत्याबाई समोरच बसलेल्या असायच्या, पण त्यांनी कधी 'का' म्हणून विचारलं नव्हतं. या खोलीत मात्र लपायला जागाच नव्हती.

"वल्लं लाकूड मी बी लई जाळलंय," त्या म्हणाल्या. "माझी सासू समद्या गावाला सांगायची, हिला वाळकी लाकडं बी निवडता येत न्हाईत." मग म्हणाल्या, "जायाचं न्हाई व्हय तुला?"

"न्हाई."

"त्याला सोडून?"

मी मानेनंच नाही म्हटलं. "सर तिकडं," म्हणाल्या आणि परातीपुढं बसल्या. त्यांनी भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. आम्ही दोघी टक लावून बघत बसलो. कडेला एक बारकासा फुगा आला आणि बसला. दुसरी थापली. तीही तशीच.

"तवा खराब हाय," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "आन् तार बी."

दुपारी आजोबा शिफ्टवरून आले. ताटावर बसतात न बसतात तोच आत्याबाई सुरू झाल्या. "भाकर फुगंना म्हणून बायकू गावाला धाडतोस व्हय रं? दुधात कुस्करून खा की. दात पडल्याव तरी काय करणार हाईस?" ज्या माणसानं तोंडातून शब्द काढला नव्हता, तो आईकडं बघतच राहिला, आणि मुकाट्यानं भाकरी कुस्करायला लागला.

परवाच्या गाडीनं आत्याबाई एकट्याच गेल्या. गाडी हलेपर्यंत खिडकीतून माझं तोंड न्याहाळत होत्या.

तर पोरी, तुझ्या इंडक्शनला मी नावं ठेवत नाही. सपाट बुडाचा जाड तवा घे, फडक्यानं कडा दाबत जा, आणि नाहीच फुगली तर दूध आहे. पण तू फोनवर सांगतेस ना, "सर्दी झालीय आजी, म्हणून आवाज असा येतोय", तेव्हा मला तुझं तोंड दिसत नाही, आणि मग दिवसभर चैन पडत नाही. या रविवारी ये. नवऱ्याला आणायचं तर आण, नाहीतर एकटी ये, पण ये.