भिंतीवरच्या चादरी

माझ्या नवऱ्याने पस्तीस वर्षं सोलापुरात मागावर चादरी विणल्या. मी वळसंगची, चौथी शिकलेली. लग्न करून इथे आले ती कांड्या भरायला बसले, म्हणजे धोट्यात घालायचं सूत गुंडाळायला. त्या कामाबद्दल चांगलं सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. पोट भरलं एवढंच.

नवरा घरी बसला त्याला अकरा वर्षं झाली. उन्हाळ्यात त्यांना बरं असतं. थंडी आली की दम लागतो. गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. दुसऱ्यांदा सोडताना डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावून सांगितलं, आजी, पुढचा हिवाळा जपा, गार वारं लागलं तर अवघड आहे. अवघड म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला, माझ्या डोक्यात तेच. आमच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत ह्यांची खाट. भिंतींना आतून गिलावा नाही, वर पत्रा, आणि पत्रा आणि भिंत ह्यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट. मुलगा पुण्याला असतो, त्याने फोनवर सांगितलं, प्लास्टिक लाव. प्लास्टिक लावलं की आतून पाणी सुटतं, हे त्याला पुण्यात बसून काय कळणार.

माझ्याकडे पेटीत चादरी होत्या. सोलापुरात कुणाच्या घरी नसतात? कारखान्यातून दर दिवाळीला एक मिळायची. शिवाय लग्न असो, वास्तुशांत असो, येणारा चादरच घेऊन येतो. ती कुणी पांघरत नाही. पांघरायला वाकळ असते. नवी चादर पेटीत जाते, कारण ती पुढे कुणाला तरी द्यायची असते. धुवायची तर नाहीच. एकदा पाण्यात घातली की तिचा नवेपणा गेला, मग ती देता येत नाही. मी पेटी उघडली तर सतरा निघाल्या, घडीही न मोडलेल्या.

तुळशीचं लग्न झालं आणि दुसऱ्या दिवशी मी हातोडी घेऊन स्टुलावर चढले. चारी भिंती मढवल्या. खिडकीला दुहेरी लावली. पत्र्याखाली दोऱ्या ओढून त्यावर चार टाकल्या, म्हणजे फटीतलं वारं खाली उतरणार नाही. लाल, मोराची होती ती खाटेच्या उशाला. हिरव्या समोर, नजरेला गार. कुठला रंग कुठे लावायचा, हे घरात ठरवायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. सण आला की चुना आणि दाराला तोरण, ह्यापलीकडे आमचं घर कधी सजलं नाही. मी चादरींच्या दशासुद्धा बोटांनी विंचरून सरळ केल्या.

शेजारची अक्का बघायला आली. ती घरात तेलुगू बोलते, माझ्याशी मराठी. दारात उभी राहून हसायला लागली.

"मांडवच घातलाय की गं. नवरा-नवरी कुटं हायत?"

"नवरा खाटंवर हाय," मी म्हटलं. "नवरी स्टुलावर."

खाटेवरून हे चारी बाजूंना बघत होते. म्हणाले, "कारखाना घरी आणलास की." मला वाटलं, कौतुक करतायत.

चौथ्या दिवशी खोकला सुरू झाला. आठवडा संपेपर्यंत ह्यांना एक वाक्य सलग बोलता येईना. मी वाऱ्याचा शोध घेत फिरले. सुताचा धागा चिमटीत धरून भिंतीच्या कडेकडेने गेले. जिथे धागा हलला तिथे आणखी एक चादर ठोकली. दारालाही लावली. रोज सकाळी मी सगळ्या चादरी काठीने झटकत होते, धूळ बसू नये म्हणून. काढून बाहेर नेत नव्हते, तिथेच भिंतीवर झटकायची. हे खाटेवरच असायचे.

एका दुपारी ह्यांनी मला हाताने जवळ बोलावलं.

"ह्या काढ. घुसमटतंय."

मी म्हटलं, काढू आणि वारं आत घेऊ? थोडा दम खाऊन ते परत तेच म्हणाले.

"तुमाला मरायचं आसंल तर दुसरीकडं कुटं मरा," मी म्हटलं. "माझ्या हातानं न्हाय."

असं बोलले मी. लपवण्यात अर्थ नाही. त्यानंतर त्यांनी काढ म्हणायचं सोडून दिलं.

दोन दिवसांनी दवाखान्यात नेलं. तिथे पाच दिवस होतो. त्या वॉर्डाची खिडकी नीट लागत नव्हती, थंड वारं सरळ ह्यांच्या खाटेवर यायचं. मी तिथे माझं लुगडं बांधलं, सिस्टरने येऊन ते काढलं आणि मला ओरडली. आमचं भांडण झालं. तिसऱ्या दिवशी हे उठून बसले, डाळीत मीठ नाही म्हणून कुरकुरले, अर्धी भाकरी खाल्ली. मी ते इंजेक्शनच्या नावावर टाकलं. वाऱ्यात माणूस सुधारतोय हे डोळ्यांसमोर होतं, मला दिसलं नाही.

कान बांधून, वाकळीत गुंडाळून रिक्षाने घरी आणलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी छाती परत भात्यासारखी वरखाली. आता माझी अक्कल संपली. देवाला बोलून झालं. ओव्याने शेकून झालं. गोळ्या, वाफ, सगळं वेळेवर. खोलीत वाऱ्याला शिरायला जागा नव्हती आणि माणूस माझ्यासमोर जात होता. मी खाटेजवळ बसून त्याचा श्वास मोजत होते. वीसच्या पुढे माझी मोजणी चुकायची, मग परत पहिल्यापासून.

सकाळी ह्यांचं तोंड पुसायला गरम पाणी घेतलं. ओलं फडकं कपाळावरून, भुवयांवरून, मिशांवरून फिरवलं. फडक्यावर लाल तूस आलं, सुताचा बारीक भुगा. परत पुसलं, परत आलं. कानाच्या पाळीत होतं. पापण्यांत होतं.

ते तोंड मला ओळखीचं होतं. पस्तीस वर्षं कारखान्यातली पाळी सुटल्यावर ते असंच दारात यायचं. तूस घरात येऊ नये म्हणून मी ह्यांना बाहेरच तोंड धुवायला लावत होते, डोक्यावर पाणी ओतत होते. पोरं लहान असताना तर अंगातला सदरासुद्धा आत आणू द्यायची नाही. आणि आता तेच मी चारी भिंतींना ठोकून ठेवलं होतं, वर काठीने झटकून हवेत उडवत होते.

अक्काला हाक मारली. आम्ही दोघींनी ह्यांना धरून बाहेर उन्हात खुर्चीवर बसवलं. मग तोंडाला पदर बांधून मी चादरी ओढायला लागले. खिळे काढत बसले नाही, फाटल्या त्या फाटल्या. खोली तुसाने भरून गेली. अक्का म्हणाली, सावकाश, चांगल्या चादरी आहेत. मी तिला गप बस म्हटलं. दुपारपर्यंत भिंती ओल्या फडक्याने तीनदा पुसल्या.

पुढच्या वेळी डॉक्टरांना सगळं सांगितलं. सरळ विचारलं, "माझ्यामुळं झालं का?"

ते म्हणाले, "आजी, छाती आधीपासूनच खराब आहे त्यांची."

"ते मी इचारलं न्हाय."

त्यांनी पुढची औषधं लिहून दिली.

तो हिवाळा कसाबसा निघाला. त्याआधी हे काठी टेकत गल्लीच्या टोकापर्यंत जायचे. आता मोरीपर्यंतही धरून न्यावं लागतं. ते मला काही म्हणत नाहीत. बोलायलाही दम लागतो, तो ते पाणी मागायला ठेवतात.

ह्या वर्षीची थंडी सुरू झाली आहे. पत्र्याखालची फट तशीच आहे. ती गवंड्याला दाखवली, तो म्हणाला सिमेंट भरायचं तर आठ दिवस धूळ होणार. नको म्हटलं. भिंती उघड्या आहेत. थंडीनेही माणूस जाईल आणि चादरीनेही जाईल, मग मी लावू तरी काय?

एक चादर मी पावसाळ्यापासून धुतेय. साबण लावून, दगडावर आपटून, किती वेळा ते आता लक्षात नाही. तिचा रंग उतरला, मोर ओळखू येत नाही. आज सकाळी हे थरथरत होते. म्हणाले, "येक तरी लाव की. डोक्याकडनं."

मी ती चादर दारात उन्हात धरली. उभी धरली, आडवी धरली, झटकली. तूस उडताना दिसलं नाही. पण माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि दुसऱ्याचा भरवसा नाही. अक्का घरी नव्हती.

आतून त्यांनी परत विचारलं, "लावतीस का?"